खंड्याची सनद

साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात माहुली येते. कृष्णा आणि वेण्णा यांचा तिथे संगम आहे. काळ्या दगडांची देवळे, नदीत उतरणारे घाट, सातारच्या राजघराण्यातील माणसांच्या समाध्या; आणि या थोरामोठ्यांच्या संगतीला एक समाधी कुत्र्याची! कुत्र्याचे नाव खंड्या. धनी छत्रपती शाहू महाराज. शिकारीत वाघाने महाराजांवर झडप घातली, तेव्हा या खंड्याने त्यांचा जीव वाचवला, असे सांगतात.

हा कुत्रा केवळ दंतकथेतला नव्हे. इंग्रजांच्या वतीने साताऱ्याचा कारभार पाहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. शाहू महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जडजवाहीर चढवले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला, असे त्याने त्यात नमूद केले आहे. डफसाहेबाच्या मते हे सारे महाराजांच्या भ्रमिष्टपणाचे चाळे. असतीलही. पण साहेबाचा प्राण कुठल्या कुत्र्याने वाघाच्या जबड्यातून काढला असता, तर त्याने काय केले असते, हे पाहायला मला आवडले असते.

मला त्या जरीच्या झुलीची एवढी मौज वाटत नाही. पालखीचीही नाही. मला मौज वाटते ती सनदेची. कुत्र्याच्या नावाचा सरकारी कागद! त्यावर तारीख असणार, शिक्का असणार, ‘मोर्तब सुद’ असणार. असा कागद मिळवणारा खंड्या एकटाच, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या घरी परवा गेलो नसतो, तर अजूनही तसेच समजत राहिलो असतो.

या स्नेह्यांचे चिरंजीव नऊ वर्षे अमेरिकेत राहून कायमचे घरी आले. सोबत सूनबाई, एक नात आणि एक भलाथोरला पिवळसर कुत्रा. त्याचे अमेरिकन नाव उच्चारायला आजींना जड जाऊ लागले, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचे ‘बाळू’ असे बारसे करून टाकले. बाळूनेही विनातक्रार नवे नाव पत्करले आणि भाकरीच्या तुकड्यासाठी तो आजींच्या मागे मागे फिरू लागला. माणसांना परक्या देशातून येऊन रुळायला वर्ष लागते. बाळूला तीन दिवस पुरले.

पण खरी गंमत पुढेच होती. स्नेह्यांनी कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली.

“ही कुणाची?” मी विचारले.

“बाळूची.”

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीचे सेवापुस्तकही एवढे जाड नाही! बाळूच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती बसवलेली आहे. तिचा पंधरा आकडी क्रमांक पहिल्या पानावर. पुढे पिसाळीच्या, म्हणजे रेबीजच्या लसीचा दाखला. लस कुठल्या कारखान्याची, कुठल्या घाणीतली, कोणत्या तारखेला टोचली, तिची मुदत कधी सरते, टोचणाऱ्या डॉक्टरची सही. ही लस प्रवासाच्या आदल्या दिवशी टोचून चालत नाही. ती अंगी लागायला वेळ द्यावा लागतो. म्हणून निघण्यापूर्वी निदान एक महिना तरी झालेला हवा आणि वर्ष उलटलेले नसावे. त्यानंतर तिकडच्या सरकारी पशुवैद्याने दिलेला प्रकृतीचा दाखला. मग मुंबईच्या प्राणी संगरोध कार्यालयाचे ‘आमची हरकत नाही’ असे पत्र. ते हाती असल्याखेरीज बाळूला विमानात पाऊल टाकता येत नव्हते, आणि मुंबईत उतरल्यावरही कागद आणि कुत्रा यांची गाठ घालून पाहिल्यावरच त्याची सुटका झाली. कागदांत खोट निघती, तर बाळूला सरकारी कोंडवाड्यात पाहुणचार घ्यावा लागता, नाहीतर आल्या वाटेने परत जावे लागते.

“माझ्या लग्नात पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईने पाहिली नव्हती,” स्नेही म्हणाले. मग जरा घुश्शात येऊन पुढे म्हणाले, “अहो, सोन्यासारखं जनावर. त्यानं कुणाचं काय वाकडं केलंय? त्याच्यावर एवढा संशय कशाला?”

वरवर पाहता त्यांचा प्रश्न रास्त होता. बाळू त्या वेळी माझ्याच पायावर हनुवटी टेकून झोपला होता. अशा प्राण्याकडे ‘तू निर्दोष आहेस याचा पुरावा दे’ म्हणून कागद मागणे हा जुलूमच वाटतो. पण हा संशय कुत्र्यावर नसतो. त्याच्या अंगात लपून येऊ शकणाऱ्या रोगावर असतो, आणि तो रोग मोठा बिलंदर आहे.

पटकी किंवा देवी अंगात शिरल्या म्हणजे थोड्या दिवसांत गाजावाजा करीत. पिसाळीचा विषाणू तसा नाही. तो चाव्याच्या जखमेतून शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चालू लागतो, अगदी आषाढीच्या वाटकऱ्यासारखा, रोज थोडे थोडे अंतर कापीत. या वाटचालीला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर कुत्रा हसतो, खेळतो, शेपूट हलवतो. तो मेंदूत पोचून लाळेत उतरला म्हणजे मात्र खेळ संपला. कुत्रा आठदहा दिवसांत मरतो. माणसात एकदा लक्षणे दिसली की जगातल्या कोणत्याही डॉक्टरपाशी उपाय नाही. लाखांत एखादा वाचला तर तो ग्रंथात लिहून ठेवण्याचा चमत्कार. म्हणूनच दुरून आलेला कुत्रा आज ठणठणीत दिसतो, एवढ्याने भागत नाही. तो गेल्या महिन्यात कुठे होता, कुणाशी भांडला, हे कुत्रा सांगू शकत नाही. त्याच्या वतीने कागदाला बोलावे लागते.

हे शहाणपण जगाला फुकट मिळालेले नाही. इंग्लंडने फार कष्टाने, कुत्र्यांच्या तोंडाला जाळ्या बांधून आणि बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा अडकवून ठेवून, १९०२ साली हा रोग देशातून पार घालवला. पुढे पहिले महायुद्ध झाले. खंदकातल्या चिखलात ज्यांनी सोबत केली ते कुत्रे मागे टाकून जायला परतणाऱ्या शिपायांचे मन होईना. काहींनी ते चोरून घरी नेले. त्यात द्वेष नव्हता, लबाडीही नव्हती. नुसती माया होती. पण त्या मायेच्या पाठीवर बसून १९१८ साली पिसाळी पुन्हा इंग्लंडात उतरली, आणि तिला हाकलायला १९२२ साल उजाडले. पुढे पुष्कळ वर्षे बाहेरून आलेल्या कुत्र्याला तिथे सहा महिने कोंडून ठेवीत. लशीचे आणि रक्ततपासणीचे दाखले मानण्याची सुरुवात झाली ती २००० साली. आज आपल्याकडचा कुत्रा तिकडे न्यायचा तर आधी ती चकती, मग लस, मग महिन्याने रक्ताची तपासणी आणि त्यावर आणखी तीन महिने थांबणे, असा क्रम असतो. क्रम चुकला की पहिल्यापासून सुरुवात!

या बाबतीत कुणाची भीड ठेवीत नाहीत. २०१५ साली जॉनी डेप हा हॉलिवूडचा नट खासगी विमानातून आपल्या दोन चिमुकल्या कुत्र्यांना कागदपत्रांवाचून ऑस्ट्रेलियात घेऊन गेला. तिथल्या शेतीमंत्र्याने साफ सांगितले, कुत्री परत न्या, नाहीतर त्यांना मारून टाकावे लागेल. मुकाट्याने परत न्यावी लागली. आपल्याच देशातले लक्षद्वीप घ्या. तिथे कुत्रा नेण्यालाच बंदी आहे, आणि त्या बेटांवर पिसाळी नाही.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि बाळूची फाइल अधिक आदराने कपाटात ठेवली. पण मी सांगलीहून परत निघालो तो दुसऱ्याच एका कुत्र्याचा विचार करीत. त्याच्यापाशी फाइल नव्हती. गळ्यात पट्टाही नव्हता. कासऱ्याचा एक तुटका तुकडा होता.

मी वाळवा तालुक्यात शिकवतो. आमच्याकडे दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड्यांच्या टोळ्या येऊन दाखल होतात. मागे पोरे, भांडी, कोंबड्या, जुवाखाली बैल आणि गाडीखाली कुत्रा. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते, गाडी आपणच ओढतो आहोत, असे म्हणून आपण त्याला हसतो. पण रात्री उघड्या माळावर पाचटाच्या कोपीत पोरांना निजवून, पहाटेच्या अंधारात आईबापांना फडावर जावे लागते, तेव्हा त्या कोपीपुढे कोण बसते? संसाराच्या गाड्याचा थोडा भार तो कुत्रा खरोखरच ओढत असतो.

अशा एका टोळीतली आठ वर्षांची एक मुलगी चारसहा महिन्यांपुरती माझ्या वर्गात बसत असे. एका सकाळी ती आली ती पोटरीला चिंधी बांधून. चिंधी सोडली तर खाली चार दातांच्या खुणा, आणि जखमेत लाल तिखट भरलेले. कुत्रा त्यांच्याच कोपीतला. भाकरीवरून दोन कुत्र्यांची जुंपली, ही सोडवायला गेली.

शाळेच्या नळाखाली तिचा पाय धरून, कपड्याच्या साबणाने, घड्याळ लावून पंधरा मिनिटे मी ती जखम धुतली. पाणी आणि साबण हे या विषाणूचे पहिले वैरी. तिखट, चुना, हळद, मंतरलेला अंगारा यांनी त्याचे केसही वाकडे होत नाही. उलट जखम चिघळते. मग तिला आणि तिच्या आईला घेऊन दवाखाना गाठला. वाटेत मी आईला विचारले, “कुत्र्याला सुई टोचली होती का?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “बैलांना टोचल्यात गुरुजी. कानात बिल्लं बी हाईत. कुत्र्याचं कोण इचारतंय? त्ये आमचं न्हाईच मुळी. येताना वाटंत कुठं तरी गाडीमागं लागलं. पोरीनं भाकर टाकली, तवापासनं हाय.”

पुढे तिने हळूच विचारले, “चौदा सुया, पोटात?”

चौदा सुयांची ही दहशत आपल्या खेड्यांतून अजून गेलेली नाही. १८८५ च्या जुलै महिन्यात पाश्चरने पॅरिसला एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्याने ही लस टोचली. पुढे आपल्याकडे कसौलीला मेंढीच्या मेंदूपासून लस तयार झाली, आणि कितीतरी पिढ्यांनी तीच पोटात टोचून घेतली. २००५ पासून तिचा वापर आपल्या देशात बंद आहे. आता सुई दंडाला, आणि सरकारी दवाखान्यात फेऱ्या चार: पहिल्या दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. मुलीच्या जखमेतही प्रतिद्रव्याचे इंजेक्शन दिले. डॉक्टरांनी आईला बजावले, “कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस धड राहिला तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विष नव्हतं असं समजायचं. पण त्याची वाट बघत सुई थांबवायची नाही.”

दहा दिवस! घरदार असलेल्या माणसाला दहा दिवस म्हणजे काहीच नव्हे. पण फड सहाव्या दिवशी संपला आणि टोळी उठली. मुकादमाचा निरोप आला होता. वीस कोसांवर दुसऱ्या गावचा ऊस उभा होता. बैल जुंपले गेले, कोप्या मोडल्या, पोरगी दप्तर घेऊन गाडीवर चढली आणि कुत्रा गाडीखाली शिरला. सातव्या दिवसाची सुई राहिलेली, कुत्र्याचे दहा दिवस राहिलेले, आणि गाडी हलली. बाळूने सात समुद्र ओलांडले तरी तो कुठून आला, कुठे गेला, हे दोन सरकारांच्या दप्तरी नोंदलेले आहे. या कुत्र्याने आमची शीव ओलांडली, त्याची नोंद फक्त माझ्या उरात झाली.

दवाखान्याचा कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती दिला होता. चारही तारखा ठळक लिहिल्या होत्या. तिला वाचता येत नव्हते. पण मुलीला येत होते. पुढच्या दिवसांत मुकादमाने माझा फोन किती वेळा उचलला आणि किती वेळा उचलला नाही, याचा हिशेब सांगत बसत नाही. आठव्या दिवशी सकाळी पलीकडून मुलीचाच आवाज आला, “गुरुजी, काल तिसरी सुई झाली. मीच आयला तारीख वाचून दावली.” आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, “गुरुजी, चौथी पण झाली. आणि कुत्रं बरं हाय. माझ्याजवळच बसलंय.”

मी हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. या खेपेस सारे निभावले ते कुत्रा निरोगी निघाला म्हणून, मुकादमाने फोन उचलला म्हणून, आणि पोरीला वाचता येत होते म्हणून. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशात, आणि चावे खाणाऱ्यांत पुष्कळशी पंधरा वर्षांच्या आतली मुले. कुत्र्याशी खेळते ते मूलच. त्याची उंचीही कुत्र्याच्या तोंडाएवढी. आणि घरी मार बसेल या भीतीने चावल्याचे लपवते तेही मूलच.

म्हणून माझ्या मनात येते, बैलांच्या कानात बिल्ले आहेतच. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक अडली, गोठ्यागोठ्यातून लस टोचली गेली. कारण बैल आजारी पडला तर ऊस कोण वाहणार? त्याच गाडीच्या सावलीत उभ्या असलेल्या कुत्र्याला त्याच वेळी एक सुई टोचून, गळ्यात बिल्ला आणि धन्याच्या हाती दाखला द्यायला कितीसे पडणार? दिवाळीनंतर गाड्या आल्या की कारखान्याच्या गाडीतळावर दोन दिवस बसले तरी भागेल. माण-खटावचे आणि जत-आटपाडीचे धनगर पाऊस सरल्यावर मेंढरे घेऊन मुलूख बदलतात. त्यांच्या कुत्र्यांनाही वाटेवर हेच करता येईल. गोव्याने ते करून दाखवले आहे. दरवर्षी लाखभराच्या घरात कुत्र्यांना गल्लोगल्ली फिरून लस टोचली, शाळांतून पोरांना शिकवले, आणि २०२१ साली गोवा हे पिसाळी आटोक्यात आणलेले देशातले पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जाणकार सांगतात. शंभर नव्हे, सत्तर. आमच्या शाळेच्या निकालापेक्षा सोपे!

आणि यात कुत्र्याचा दुस्वास कुठेच नाही. आमच्या औदुंबरच्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात. जुनी माणसे त्यांना चार वेद म्हणतात. महाभारताच्या अखेरीस धर्मराजाच्या मागोमाग चालत गेला तोही कुत्राच. तोही कुणी पाळलेला नव्हता. हस्तिनापुराहून निघताना मागे लागलेला. चारी भाऊ पडले, द्रौपदी पडली, आणि स्वर्गाच्या दारात धर्मराज पोचला तेव्हा सोबतीला तो तेवढा होता. इंद्र म्हणाला, तू ये. कुत्र्याला इथे जागा नाही. त्यावर धर्मराजाने जे उत्तर दिले ते आपणां सर्वांना पाठ आहे: याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले इंद्रावर रागावतात. पण मला आता इंद्राचेही म्हणणे कळते. त्याच्या दाराआडही पोरेबाळे असतील. दार राखणाऱ्याने विचारावे आणि सोबत्याने सोडू नये, दोघांचेही खरे. त्या दोघांमध्ये एका कागदाची कमतरता आहे. धर्मराजापाशी तो असता, तर इंद्राला बाजूला होण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर बीडकडच्या गाड्या घाट उतरू लागल्या असतील. पोरे वर बसली असतील, आणि वाटेतल्या कुठल्या तरी वस्तीवर, कुणीतरी टाकलेल्या भाकरीच्या तुकड्यामागे, एखादे नवे कुत्रे गाडीखाली शिरले असेल. ते आपल्या दारापुढून जाईल तेव्हा दगड उचलू नका. त्याच्या धन्याला थांबवून एवढेच विचारा, “दादा, याला सुई टोचली का?” आणि नसली टोचली, तर जवळचा जनावरांचा दवाखाना त्याला दाखवा.